‘लवचिक’ या एका शब्दासाठी इंग्रजीत इतके शब्द: फ्लेक्सिबल, सपल, प्लायेबल, अ‍ॅजाइल यांतून निवड कशी करावी?

मसुदाकार यांचा प्रश्न

नमस्कार. कामाच्या निमित्ताने मला रोज इंग्रजीत पत्रे आणि अहवाल लिहावे लागतात. विचार मात्र मराठीतच होत असल्यामुळे मराठी शब्द आधी सुचतो आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द मागाहून शोधावा लागतो. बहुतेक वेळा हे निभावते. पण गेल्या आठवड्यात एका शब्दाने माझी चांगलीच अडचण केली, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे.

माझ्या हाताखाली चार वर्षे काम केलेल्या एका मुलीसाठी मी शिफारसपत्र लिहीत होतो. तिचा मोठा गुण असा, की कामाचे स्वरूप अचानक बदलले तरी ती गडबडून जात नाही, नव्या कामाशी चटकन जुळवून घेते, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर तेही स्पष्टपणे सांगते. माझ्या मनात ‘लवचिक’ हा शब्द आला. ‘फ्लेक्सिबल’ हा शब्द त्याच पत्रात वर एकदा येऊन गेला होता, म्हणून शब्दकोश उघडून त्याच अर्थाचा दुसरा शब्द निवडला आणि ‘शी इज व्हेरी प्लायेबल’ असे लिहिले. पत्र पाठवण्यापूर्वी आमच्या वरिष्ठांनी ते वाचले. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह काढले आणि मला बोलावून विचारले, “तुम्ही हिची शिफारस करता आहात, की हिला कुणीही वाकवू शकेल असे कळवता आहात?”

पत्र थांबवले आहे. पण माझ्याजवळच्या कोशात फ्लेक्सिबल, सपल, प्लायेबल, प्लायंट आणि इलॅस्टिक या पाचही शब्दांसमोर पहिला अर्थ ‘लवचिक’ असाच दिलेला आहे. अ‍ॅजाइल आणि निंबल यांच्यासमोर ‘चपळ’ आणि व्हर्सटाइलसमोर ‘अष्टपैलू’. सहज हलणे, वळणे किंवा बदलणे या एका कल्पनेभोवती फिरणाऱ्या या शब्दांमध्ये नेमका फरक कोणता, आणि मराठीत विचार करणाऱ्याने तो कसा लक्षात ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

क्रियापद यांचे उत्तर

तुमच्या वरिष्ठांनी ओढलेली रेघ योग्य जागी आहे, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. या साऱ्या शब्दांची विभागणी करण्याचे एक साधन मराठीने आपल्या हाती आधीच दिलेले आहे, ते म्हणजे क्रियापदांच्या जोड्या: वाकणे आणि वाकवणे, वळणे आणि वळवणे, हलणे आणि हलवणे. पहिल्या रूपात कर्ता स्वतः वाकतो; दुसऱ्या रूपात कुणीतरी दुसरा त्याला वाकवतो. इंग्रजी विशेषण समोर आले, की त्याच्या जागी एकदा ‘सहज वाकतो’ आणि एकदा ‘सहज वाकवता येतो’ असे ठेवून पाहावे. जे शोभेल, ते त्या शब्दाचे घर.

प्लायेबल हा शब्द पूर्णपणे ‘वाकवता येतो’ या घरातला आहे. तो फ्रेंच ‘प्लिए’ म्हणजे दुमडणे, वाकवणे या क्रियापदावरून आला, आणि तारा वाकवायला जी पक्कड आपण वापरतो तिचे ‘प्लायर्स’ हे इंग्रजी नावही त्याच कुळातले आहे. पक्कड हातात घेऊन तार वळवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तारेची इच्छा काय आहे, हे तो विचारत नाही. मऊ मेण, ओली वेताची काडी, पातळ चामडे यांना प्लायेबल म्हटले तर ती त्या वस्तूची स्तुती होते, कारण वस्तूने आपल्या हाताला वळावे हीच आपली अपेक्षा असते. माणसाला तेच विशेषण लावले, की तो दुसऱ्याच्या हातात वळतो असा अर्थ निघतो. ‘मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये’ असे आपण म्हणतो, त्यातला जो ‘मऊ’ आहे तो इंग्रजीतला प्लायेबल. प्लायंटही तसाच, किंबहुना प्लायंट माणसात होकाराची तयारी थोडी अधिकच असते.

अ‍ॅजाइल आणि निंबल हे ‘स्वतः वळतो’ या घरातले आहेत. अ‍ॅजाइल हा लॅटिन ‘आगेरे’ म्हणजे करणे, हाकणे, चालवणे यावरून आला. त्यात कृती आहे, दुसऱ्याचा हात नाही. निंबल त्याहून लहान जागेतला आणि हलक्या वजनाचा: सुईत दोरा ओवणारी बोटे निंबल असतात, दगडांवरून पाय न घसरता उतरणारी शेळी निंबल असते. एखादे मोठे जनावर अ‍ॅजाइल असू शकते, वाघ तर असतोच. पण वाघाला निंबल म्हणताना इंग्रजी लेखकाची लेखणी थोडी अडखळेल.

मग फ्लेक्सिबल कुठे बसतो? दोन्ही घरांत, आणि म्हणूनच तो इतका वापरला जातो. आपल्या ‘बदलणे’ या क्रियापदाशी त्याची तुलना करता येईल. ‘ऋतू बदलतो’ आणि ‘मी कपडे बदलतो’, दोन्हीकडे एकच रूप चालते, वेगळे प्रयोजक रूप लागत नाही. तसेच नळी फ्लेक्सिबल असते, म्हणजे ती वाकवता येते. आणि माणूस फ्लेक्सिबल असतो, म्हणजे तो स्वतः आपले वेळापत्रक किंवा मत परिस्थितीप्रमाणे वळवतो. संदर्भ त्याचे घर ठरवतो. शंका असेल तेथे फ्लेक्सिबल सुरक्षित आहे, आणि तो एका पत्रात दोनदा आला तर काही बिघडत नाही. पुनरुक्ती टाळण्यासाठी कोशातून शब्द उचलणे ही सवय मला अधिक धोक्याची वाटते, कारण कोशात शेजारी छापलेले शब्द वापरात शेजारी असतीलच असे नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. मराठीत आपण ‘मोडेन पण वाकणार नाही’ अभिमानाने म्हणतो आणि ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हेही तितक्याच श्रद्धेने म्हणतो. या दोन्हींत मला विरोध वाटत नाही, कारण पहिल्यात वाकवणारा कुणी समोर उभा आहे आणि दुसऱ्यात लव्हाळे आपल्या स्वभावाने लवते आहे. या लव्हाळ्याला इंग्रजीत नेमका शब्द आहे, रेझिलियंट: लॅटिनमध्ये मागे उडी घेणे, उसळून परत येणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. पुराखाली आडवे होणे एवढ्याने लव्हाळे रेझिलियंट ठरत नाही. पाणी ओसरल्यावर ते पुन्हा उभे राहते, म्हणून ठरते. फ्लेक्सिबलमध्ये परत येण्याची अट नाही.

धातुविचार यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील शेवटचा मुद्दा, म्हणजे वाकल्यावर परत येणे की न येणे, हा आमच्या विषयाचा पाया आहे, म्हणून त्यात भर घालतो.

कागद एकत्र ठेवण्याची एक साधी तारेची क्लिप घ्या. तिचे बाहेरचे टोक अगदी थोडे उचला आणि सोडा. ते जागेवर परत जाते. हे इलॅस्टिक वर्तन, शालेय पुस्तकांतली स्थितिस्थापकता. आता तेच टोक पूर्ण उलटे वळवा. ते तसेच राहते. हे प्लॅस्टिक वर्तन, परिभाषेत आकार्यता. दोन्हींच्या मध्ये जी सीमा आहे ती त्या तारेची स्थितिस्थापकतेची मर्यादा. आणि आता त्याच जागी ती तार पुढे-मागे वाकवत राहा. प्रत्येक वेळी ती जागा थोडी अधिक कडक होत जाते आणि काही फेऱ्यांनंतर तुटते. जी तार पहिल्यांदा सहज वाकली, तिची वाकण्याची शक्ती वापराने संपत जाते. म्हणूनच तार ओढण्याच्या कामात मधूनमधून ती तापवून पुन्हा मऊ करून घ्यावी लागते.

येथे प्लॅस्टिक हा शब्द ऐकून पिशव्या आणि बादल्या डोळ्यांसमोर येतात, पण तो पदार्थापेक्षा बराच जुना आहे. ग्रीकमध्ये मातीला आकार देणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यावरून तो आला. बेकलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लॅस्टिक १९०७ सालचे. प्लॅस्टिक सर्जरी ही संज्ञा त्याच्या आधीच्या शतकातली, आणि तिच्यात प्लॅस्टिक या पदार्थाचा काही संबंध नाही, ती आकार देण्याची शस्त्रक्रिया आहे. मेंदू प्लॅस्टिक आहे असे वैद्यकीय लेखनात वाचले, तर त्याचा अर्थ अनुभवाने त्याची घडण बदलू शकते आणि बदललेली राहू शकते, असा घ्यावा. ही निंदा नाही, मोठी आशादायक गोष्ट आहे.

‘वाकवता येतो’ या घरातच आमचे आणखी दोन शब्द राहतात, आणि ते एकमेकांच्या जागी वापरणे चूक आहे. मॅलिएबल म्हणजे वर्धनीय: लॅटिनमध्ये ‘मालेउस’ म्हणजे हातोडा, त्यावरून हातोड्याने ठोकून ज्याचा पत्रा होतो तो. डक्टाइल म्हणजे तन्य: ‘डुकेरे’ म्हणजे नेणे, ओढणे, त्यावरून ओढून ज्याची तार होते तो. सोन्यात दोन्ही गुण आहेत; एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीची तार काढता येते. शिशाचे तसे नाही. ते हातोड्याखाली अगदी सहज पसरते, पण बारीक तार ओढायला गेले की तुटते, कारण ताण सोसण्याची ताकद त्याच्यात कमी. दोन्ही क्रियांत धातूचा आकार बदलतो. फरक एवढाच, की एकीकडे त्याच्यावर दाब पडतो आणि दुसरीकडे ताण.

एक गैरसमज मात्र जाता जाता दूर केला पाहिजे. बोलताना आपण रबराला सर्वांत इलॅस्टिक मानतो, कारण ते खूप ताणले जाते. भौतिकशास्त्रात सारख्याच ताणाखाली ज्याचा आकार कमी बदलतो, म्हणजे जो बदलाला अधिक विरोध करतो, तो अधिक स्थितिस्थापक मानला जातो, आणि त्या मापाने पोलाद रबराच्या कितीतरी पुढे आहे. १६७८ साली रॉबर्ट हुक यांनी ‘ताण तसे बळ’ हा नियम मांडला तो घड्याळातल्या स्प्रिंगसारख्या वस्तूंच्या अभ्यासातून; रबर तेव्हा युरोपात कुणाच्या वापरात नव्हते. अर्थशास्त्रात मात्र याच इलॅस्टिसिटीला मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात, ‘मागणीची लवचिकता’ या प्रयोगात, आणि तेथे अर्थ उलट्या दिशेने जातो: किंमत थोडी बदलली तरी मागणी खूप बदलत असेल, तर ती अधिक लवचिक. एकाच इंग्रजी शब्दाला दोन शास्त्रांनी दोन मराठी शब्द दिले, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

पदन्यास यांचे उत्तर

मी शरीराच्या हालचालींशी संबंधित काम करते, आणि ‘वाकतो’ व ‘वाकवता येतो’ हा फरक आमच्याकडे दररोज पडताळून पाहावा लागतो. पाठीवर उताणे झोपा. एक पाय गुडघ्यात न वाकवता, हाताची मदत न घेता, केवळ त्या पायाच्या बळावर जितका उचलता येईल तितका उचला आणि कोन लक्षात ठेवा. मग तळव्याखालून पंचा घालून दोन्ही हातांनी तोच पाय आपल्याकडे ओढा. बहुतेकांचा पाय दुसऱ्या वेळी बराच पुढे येतो. दुसऱ्या प्रयोगात दिसली ती स्नायूंची ताणले जाण्याची क्षमता, जिला आमच्या क्षेत्रात फ्लेक्सिबिलिटी म्हणतात. पहिल्यात दिसली ती स्वतःच्या ताब्यात असलेली हालचाल, जिला मोबिलिटी म्हणतात. दोन्हींमधले अंतर जितके मोठे, तितका आपल्या ताब्यात नसलेला भाग मोठा. काही जणांचे सांधे नेहमीपेक्षा जास्त वळतात, त्यांना हायपरमोबाइल म्हणतात, आणि त्यांना ताणाच्या व्यायामापेक्षा सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाचीच गरज अनेकदा अधिक असते. सहज वळणे हा नेहमीच वाढवत न्यायचा गुण नाही.

सपल, लाइद आणि लिंबर हे तीन शब्दही शरीराभोवतीचे आहेत. सपलमध्ये लवचिकपणाबरोबर मऊपणा आणि तजेला आहे. सांध्यांना, त्वचेला, कमावलेल्या चामड्याला तो लागतो. लाइदमध्ये डौल आणि सडपातळपणा येतो, म्हणून तो नर्तकांना किंवा मांजराला शोभतो. स्थूल माणूस कितीही सहज वाकला तरी त्याला सपल म्हणतील, लाइद म्हणणार नाहीत. जुन्या इंग्रजीत याच लाइदचा अर्थ सौम्य, मृदू असा होता, आणि तो मृदूपणा त्याच्या आजच्या वापरातही जाणवतो. लिंबर हा शब्द विशेषणापेक्षा ‘लिंबर अप’ या क्रियापदातच जास्त ऐकू येतो: खेळण्यापूर्वी किंवा नाचण्यापूर्वी अंग मोकळे करणे. मला स्वतःला ‘अंग मोकळे करणे’ हा आपला प्रयोग अधिक आवडतो, कारण त्यात जे अडले होते ते सुटले असा भाव आहे.

मूळशोध यांचे उत्तर

क्रियापद यांची कसोटी उपयोगी आहे आणि मीही ती यापुढे वापरीन. पण दोन ठिकाणी सावध राहावे लागेल.

पहिले, ‘एबल’ हा प्रत्यय दिसला की शब्द ‘वाकवता येतो’ याच घरातला, असे कुणी ठरवू नये. अ‍ॅडॅप्टेबल हा शब्द पाहा. वस्तूला लावला तर ‘निराळ्या कामासाठी बदलून घेता येते’ असा अर्थ आहे, हे खरे; पण माणसाला लावला, की ‘स्वतःला परिस्थितीशी जुळवून घेतो’ असा पूर्णपणे कर्तरी आणि प्रशंसेचा अर्थ होतो. उलट प्लायंटमध्ये ‘एबल’ नाही, तरीही तो दुसऱ्याच्या हातातला शब्द आहे. प्रत्यय वाट दाखवतो, मुक्कामाला वापरच पोहोचवतो.

दुसरे, व्युत्पत्ती. ती अर्थ उजळते, पण तिच्यावर पूर्ण भार टाकता येत नाही. सपल हा शब्द लॅटिन ‘सुप्लेक्स’ म्हणजे गुडघे टेकून विनवणी करणारा यावरून आला. मुळाकडे पाहिले तर तो लाचारीचा शब्द ठरायला हवा होता, आणि आज तर तो सुदृढ शरीराची स्तुती करतो. निंबलचे तर आणखी नवल आहे. जुन्या इंग्रजीत ‘निमन’ म्हणजे घेणे. जो चटकन घेतो, पटकन पकडतो तो निंबल. त्याच क्रियापदाच्या ‘घेतलेला, पकडला गेलेला’ या रूपापासून ‘नम’ म्हणजे बधिर हा शब्द झाला, कारण बधिर अवयव जणू कुणीतरी पकडून ठेवलेला असतो. पकडणारी बोटे निंबल आणि पकडली गेलेली बोटे नम: एकाच धातूची कर्तरी आणि कर्मणी अशी दोन अपत्ये. क्रियापद यांच्या मांडणीला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नसता.

व्हर्सटाइलही जपून हाताळावा. लॅटिनमध्ये गरगर फिरणारा, वळणारा असा त्याचा अर्थ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत तो आला तेव्हा ‘स्थिर नसलेला’ ही छटा त्याच्याबरोबर होती. पुढे ‘अनेक कामांत सारखाच कुशल’ हा चांगला अर्थ रुजला आणि आज तोच उरला आहे. फ्रेंचमध्ये मात्र हाच शब्द आजही धरसोड वृत्तीच्या माणसाला लावतात. फ्रेंच भाषकाला इंग्रजीत पत्र लिहीत असाल तर हे ठाऊक असावे.

बदल चांगला की वाईट, याची रेषा इंग्रजीत मराठीप्रमाणेच जवळजवळच्या शब्दांतून जाते. आपल्याकडे चपळ ही प्रशंसा, चंचल ही तक्रार. चंचल नेत्रांचे कौतुक कवी करतात, चंचल मनाचे कुणी करत नाही. इंग्रजीत फिकल म्हणजे आज एक, उद्या दुसरे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ थेट कपटी असा होता. व्होलटाइल हा ‘उडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला, आणि मध्ययुगीन इंग्रजीत पक्ष्यांनाच व्होलटाइल म्हणत असत; पुढे उडून जाणाऱ्या द्रवांना आणि मग भडकणाऱ्या स्वभावांना व बाजारांना तो लागला. मोबाइल या निरुपद्रवी शब्दाचेही असेच. लॅटिनमध्ये सहज हेलकावणाऱ्या, मत बदलणाऱ्या गर्दीला ‘मोबिले वुल्गुस’ म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ते तोडून ‘मॉब’ केले. खिशातला मोबाइल आणि रस्त्यावरचा मॉब हे एकाच शब्दाचे दोन तुकडे आहेत.

मसुदाकार

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. आता मी अ‍ॅजाइल, अ‍ॅडॅप्टेबल आणि व्हर्सटाइल यांच्यात अडकलो आहे. आमच्या कार्यालयात अ‍ॅजाइल हा शब्द रोज कानांवर पडतो, म्हणून तोच वापरावा असे काही सहकारी सुचवतात.

प्रणालीकार यांचे उत्तर

माझ्या मते अ‍ॅजाइल टाळावा, आणि त्याचे कारण शब्दात नसून त्याच्या अलीकडच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जण सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतींविषयी बोलण्यासाठी जमले. त्यांच्या पद्धतींना तोवर ‘लाइटवेट’ म्हणजे हलक्या वजनाच्या म्हणत, आणि ते विशेषण माणसाला लागले तर तो बिनमहत्त्वाचा ठरतो, ही अडचण त्यांतल्या काहींना जाणवत होती; म्हणजे तुमच्या प्लायेबलसारखीच. त्यांनी अ‍ॅजाइल हे नाव निवडले आणि चार मूल्यांचा जाहीरनामा लिहिला. त्यातले चौथे मूल्य, ठरलेल्या आराखड्यामागे जाण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे, तुमच्या सहकारी मुलीच्या गुणाशी जुळते, हे मान्य आहे. पण तेव्हापासून अ‍ॅजाइल हे एका विशिष्ट कार्यपद्धतीचे नाव झाले आहे, आणि शिफारसपत्रात ते वाचणारा ‘हिला ती पद्धत येते’ असेच समजेल. (उच्चाराविषयी थोडेसे: ब्रिटिश लोक अ‍ॅजाइल म्हणतात आणि अमेरिकन लोक अ‍ॅजल, व्हर्सटाइल आणि व्होलटाइल यांचेही तसेच. दोन्ही बरोबर.)

त्याच कामातून आलेली आणखी एक सूचना. आराखड्याविषयी लिहिताना फ्लेक्सिबल आणि फ्लुइड यांची अदलाबदल करू नका. ‘आमच्या तारखा फ्लेक्सिबल आहेत’ याचा अर्थ तारखा ठरल्या आहेत, पण तुमच्या सोयीसाठी आम्ही त्या हलवू. ‘आमच्या तारखा फ्लुइड आहेत’ याचा अर्थ अजून काहीच ठरलेले नाही. पहिले वाक्य वाचून माणूस निश्चिंत होतो. दुसरे वाचून तो फोन करतो. आपल्याला मराठीत ‘तरल’ हा शब्द सुचतो, पण तरल कविता असते, तरल तारीख नसते, त्यामुळे भाषांतरात येथे हमखास घसरायला होते.

क्रियापद

मूळशोध यांची दुरुस्ती मला मान्य आहे. अ‍ॅडॅप्टेबलचे उदाहरण माझ्या लक्षात यायला हवे होते. निंबल आणि नम यांचे नाते मला नवीन आहे आणि ते मी विसरणार नाही.

मसुदाकार, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या मूळ प्रश्नात तुम्ही तिच्याविषयी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: गडबडत नाही, जुळवून घेते, आणि पटले नाही तर सांगते. व्हर्सटाइल म्हणजे अनेक प्रकारची कामे चांगली करणारी. ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून तो शब्द येथे नको. अ‍ॅडॅप्टेबल तुमच्या दुसऱ्या गोष्टीला नेमका बसतो. पण तिसऱ्या गोष्टीला या सबंध कुळातला एकही शब्द पुरणार नाही, आणि त्या गोष्टीमुळेच तुमचे कौतुक इतरांच्या कौतुकापेक्षा वेगळे होते. तेथे विशेषण शोधण्याऐवजी घडलेला प्रसंग लिहावा.

मसुदाकार

आज पत्र पाठवले. प्लायेबलच्या जागी अ‍ॅडॅप्टेबल आला आणि त्यापुढे दोन वाक्ये वाढली: गेल्या वर्षी एका प्रकल्पाचे स्वरूप निम्म्यात बदलले तेव्हा तिने तीन दिवसांत नवी मांडणी तयार केली, आणि त्या मांडणीतल्या एका भागाविषयी माझे मत चुकीचे आहे हे तिने बैठकीपूर्वी मला येऊन सांगितले, आणि ते चुकीचेच होते. वरिष्ठांनी या वेळी पेन्सिल उचलली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, ती तीन दिवसांतली मांडणी अजून आपल्याकडे असेल तर पाहायला मिळेल का.